महाराष्ट्र शासन विरुद्ध आमचा प्रफुल

राग काढायचा त कोणावर काढू, हे आधी मले कोणी सांगा. भाऊजीवर काढू त ते घरचे मोठे. पोटच्या पोरावर काढू त तो बिचारा आधीच अर्धा झाला. अन् शासनावर काढावं म्हटलं त ते राहते कोणत्या गल्लीत, हेच मले अजून समजलं नाही. म्हणून तोंड मोकळं करून सांगून राहिली, ऐकाल त बरं.

मी सुलोचना. गोंदियाकडं, दवनीवाड्याच्या रस्त्यावर आमचं गाव. माझा नवरा गेला तवा प्रफुल शाळेत होता. तवापासून माझ्या पोट्ट्याच्या मागं बापासारखे उभे राहिले ते माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, बकाराम भाऊजी. प्रफुल त्यायले मोठेबाबा म्हणते अन् माझ्या जेठानीले, नंदाबाईले, मोठी आई. दोन चुली, आंगण एक. माणूस सोन्याचा हाय जी, खोटं कायले बोलू. पण तोंड असं, की एकदा सुटलं त गावाच्या शिवेवर जाऊनच थांबते. नंदाबाईचं उलटं. तिच्या तोंडातून दिवसभरात चार शब्द निघाले त आमी म्हणतो, आज बाईले बोलायची हौस आली.

भाऊजी जवानीत शंकरपटाचे नामी खेळाडू. बैलाच्या शर्यतीत त्यायची जोडी सुटली की लोक पागोटे उडवत. बैल थकले, विकले, पण पटाचा छकडा त्यायनं ठेवला. छकडा म्हणजे हलकी दोन चाकाची बंडी, बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाची. आंगणात अशी आडवी पडून राहे की धान वाळवायचं त आमी सासऱ्यापुढच्या सुनांसारखं त्याच्या बाजूनं आंग चोरून चालायचं. हात लावायची बिशाद नव्हती कोणाची.

आता आमच्या गावची होळीची रीत सांगते, नाही त पुढचं काहीच समजणार नाही. आमच्याकडं होळीचं लाकूड चोरीचंच लागते. विकत आणलेल्या लाकडाची होळी धड पेटत नाही म्हणतात. आठ दिवस आधीपासून लोक खाटा, फळ्या, शिड्या घरात घेऊन ठेवतात अन् पोट्टे टपून राहतात. ज्याचं गेलं त्याचं गेलं. होळीत पडलं ते होळीचं. घरमालकानं शिव्या द्यायच्या, त्या बी धुळवडीच्या सांजेपर्यंत. एका साली सरपंचाची खुर्चीच गेली होती. सरपंच होळीपाशी उभे राहून आपली खुर्ची जळताना पाहून राहिले होते, अन् लोक त्यायलेच इचारत, बसता काय जी म्हणून.

मागच्याच्या मागच्या होळीले भाऊजीचा छकडा गेला.

धुळवडीच्या सकाळी आंगण रिकामं. भाऊजीनं जी बोंब मारली, ती गाव अजून विसरलं नाही. आमाले वाटलं, रीतीपरमाणं सांजेले थांबतील. नाही थांबले. दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून ठाण्यात गेले अन् फिर्याद देऊन आले. चोर कोण ते ठाऊक नाही, दहा-बारा पोट्टे असतील, असं सांगतलं. वरून ठाणेदाराले बजावलं, "साहेब, कितीबी मोठ्याचा पोट्टा असो, सोडू नका. सक्तातलं सक्त कलम लावा." ठाणेदार कामाचा माणूस. त्यानं दोन लावले. एक चोरीचं, अन् एक आग लावून नुकसान केल्याचं.

मंग आठवड्याभरात हवालदार घरी आला. भाऊजीनं त्याले खाट टाकून दिली, चाय सांगतला, अन् मोठ्या हौसेनं इचारलं, "गावला काय जी चोर?" हवालदारानं मोबाईल पुढं केला. गावातल्या रिंकूनं होळीची रील काढून टाकली होती. पोट्टे छकडा ओढून राहिले, अन् वर उभा राहून दुपट्टा फिरवत कोण? भाऊजीनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं अन् म्हणाले, "हा त आमचा प्रफुल."

"फिर्यादीनं आरोपीले ओळखलं," असं म्हणत हवालदारानं तेबी लिहून घेतलं.

बाकीचे पोट्टे रीलमध्ये अंधारात होते. प्रफुलले इचारलं, सोबत कोण कोण? त्यानं एक नाव नाही घेतलं. म्हणे, "मीच नेला, लिहा." त्याले नोटीस देऊन सोडलं, पण केस त्याच्या एकट्याच्या नावानं उभी झाली.

अन् हेच वर्ष त्याचं नशीब उघडायचं होतं. पोट्टा वनरक्षकाच्या भरतीत निघाला होता. पळला, पेपर दिला, यादीत नाव आलं. आता फक्त पोलिसाकडून चालचलणुकीचा कागद जायचा बाकी. मी त त्याच्या खाकी ड्रेसले इस्त्री कोण करून देईल याचा बी इचार करून ठेवला होता. त्या छकड्याच्या पायी सारं लटकलं.

भाऊजीची हालत पाहवत नव्हती. आपलेच दात अन् आपलेच ओठ. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठले अन् म्हणाले, "केस माझी हाय ना? मी दिली, मीच मागं घेतो." तंटामुक्तीचे अध्यक्ष भोजराजभाऊ, त्यायनं तातडीनं सभा लावली. समाजमंदिरात माईक, हार, नारळ, सारं आलं. प्रफुल मोठेबाबाच्या पाया पडला, भाऊजीनं त्याले पोटाशी धरलं, दोघंबी रडले. भोजराजभाऊनं पेढा दोघायच्या तोंडात घालतानाचा फोटो तीनदा काढवला, कारण पहिल्या दोन फोटोत भोजराजभाऊ नीट दिसत नव्हते. तंटा मिटला म्हणून टाळ्या झाल्या. मीबी वाजवल्या.

उरलेले पेढे घेऊन भाऊजी ठाण्यात गेले. हवालदारानं पेढा खाल्ला अन् म्हणाला, "काका, आता केस तुमची नाही राहिली."

"मंग कोणाची हाय?"

"शासनाची."

"काउन? शासनाचा छकडा जळला काय?"

हवालदार भला होता, हसला नाही. त्यानं सांगतलं, फौजदारी गुन्हा म्हणजे नुसतं दोघायचं भांडण नसते, शासन स्वतः फिर्यादीच्या जागी उभं राहते. तुमी आता नुसते साक्षीदार. भाऊजीले हे काही पटलं नाही. घरी येऊन म्हणतात, "आपण समझोता चुकीच्या माणसासंगं केला. शासनासंगं करायले पाहिजे होता."

धानाचा रोवणा चालू असताना कोर्टाची पहिली तारीख आली. बांधीत चिखल तुडवणाऱ्या बाया सोडून मी गोंदियाले गेली. शिपायानं दारात येऊन पुकारा केला, "महाराष्ट्र शासन विरुद्ध प्रफुल." एवढा मोठा महाराष्ट्र, मुंबईपासून इथवर पसरलेला, अन् त्याचं माझ्या एका पोट्ट्यावाचून काय अडलं होतं? बाजूच्या बाकावरचा माणूस म्हणाला, "बाई, टेंशन मत लो, सबका ऐसाच पुकारते." त्याच्यावर बी डोळे वटारले मी.

वकील आमाले गोंदियाजवळच्या कुडव्यात भेटली. रंजिता नाव, तरणी बाई, स्कूटीवर फिरते, पण बोलायले बसली की दुधातलं पाणी वेगळं करते. खाली दुकान, वर तिचं ऑफिस. मी, भाऊजी अन् प्रफुल असे तिघं गेलो. आरोपी अन् फिर्यादी एका बाकड्यावर, एकाच मोटारसायकलवर आलेले. रंजिताबाई म्हणाली, असं तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

भाऊजीनं लगेच आपली अक्कल चालवली. "मी कोर्टात सांगतो, माझा छकडाच नव्हता कधी."

"काका, फिर्यादीवर सही तुमची. छकड्यासोबत तुमचे पटातले फोटो पोलिसांना तुम्हीच दिले. शपथ घेऊन खोटं बोललात तर एक केस तुमच्यावर. मग काका-पुतणे दोघं तारखेला या, पेट्रोल तेवढं वाचेल."

मंग तिनं आमाले समजेल असं सांगतलं. चोरीच्या कलमात कोर्टाची परवानगी घेऊन मालक समझोता करू शकते. आगीच्या कलमात ते जमत नाही, कारण आग एकाच्या घराची ओळख पाहून थांबत नाही, असा कायद्याचा इचार. सात वर्षांपर्यंत सजा लिहिली हाय. एवढी होणार नाही, दंडावर बी सुटेल कदाचित. "पण बाई, दंड भरला म्हणजे सुटला असं समजू नका. दंड म्हणजे गुन्हा शाबीत झाला. तो शिक्का बसला की वनखात्याची नोकरी गेली असंच धरा. अन् प्रफुल, खात्याच्या फॉर्मवर केस लपवायची नाही. लपवलेली केस चालू केसपेक्षा वाईट. केस रद्द करा म्हणून नागपूरला हायकोर्टात अर्ज करता येतो, पण तिथं वेळ लागेल, अन् मिळेलच असं मी सांगत नाही."

म्हणजे भाऊजीनं हौसेनं सक्त कलम मागून घेतलं, तेच नेमकं गळ्यात अडकलं होतं.

मंग तिनं प्रफुलकडं पाहिलं. "छकडा तू नेला?"

"नेला."

"चोरून?"

पोट्टा खाली पाहत बसला. "कोणी दिला होता का तुला?" त्याच्या आधी भाऊजीच म्हणाले, "मॅडम, मी घरात असताना माझा छकडा कोण देणार?" अन् ती गोठ तिथंच राहिली. पण मी आई हाय. नऊ महिने पोटात ठेवलेला पोट्टा कवा भितो अन् कवा लपवतो, हे मले दिसते. तो भिऊन नव्हता राहिला.

घरी आली तशी मी तणतणतच नंदाबाईच्या ओसरीवर गेली. ती सुपात तांदूळ पाखडून राहिली होती. मी म्हटलं, "बाई, हा पोट्टा कोणाचं तरी नाव पोटात ठेवून राहिला हाय. ज्याच्यासाठी तो नोकरी घालवून राहिला, त्याच्या तोंडाले काळं लागो." सूप थांबलं. नंदाबाईनं पदरानं तोंड पुसलं अन् म्हणाली, "माझ्याच तोंडाले लागू दे मंग. मीच देला त्याले छकडा."

मी तिथंच खाली बसली.

मंग बाई बोलली. माझ्या लग्नापासून ती एवढं बोलली नसेल. म्हणे, बैल गेल्यापासून रोज सांजेले हे जाऊन त्या छकड्यावर बसत. हातात रिकामी दोरी. जेवायले बोलावलं त ऐकू जात नव्हतं. भात थंडा होऊन जाय. आत बायको जिती बसली हाय, अन् हा माणूस मेलेल्या पटात राहून राहिला. छकड्याले वाळवी बी लागली होती. होळीच्या दिवशी प्रफुल आला, तवा मीच म्हटलं, घेऊन जा बापू, सोन्यासारखा जळेल. कोणाले सांगू नको, तुझे मोठेबाबा दिवसभर ओरडतील अन् रातच्याले घरात येऊन जेवतील. "मले काय ठाऊक बाई, ते ठाण्यात जातील म्हणून. मंग सांगायची हिंमतच नाही झाली. मले वाटलं, पेढे वाटले, मिटलं."

मी तिच्यावर चिडायले गेली होती अन् तिच्या बाजूनं बसून रडून राहिली. काय करता.

दुसऱ्या दिवशी भाऊजी शेतात गेले तशी मी तिले घेऊन रंजिताबाईकडं. ऐकता ऐकता त्या वकिलीनबाईचे डोळे चमकले. तिनं पुस्तक काढून दाखवलं. कायदा लिहिणाराले बी आमच्यासारखंच घर असेल काय जी? चोरी कशाले म्हणावं हे सांगताना त्यानं लिहून ठेवलं हाय, की नवऱ्याची वस्तू बायकोनं कोणाले देली अन् घेणाऱ्याले खरंच वाटलं की तिले द्यायचा अधिकार हाय, त ती चोरी नव्हे. अन् मालकाच्या घरूनच हो म्हटलेलं असलं, त जाळणं बी बदमाशीचं नुकसान होत नाही. "फक्त एक गोष्ट," रंजिताबाई म्हणाली, "सरकारी वकील विचारतील, त्या घरात बाईला खरंच असा अधिकार आहे का? ते उत्तर काकांच्या तोंडून येईल. अन् मी त्यांना आधी शिकवणार नाही, जे आहे ते येऊ द्या."

मी मनात म्हटलं, मंग झालं. त्या माणसाच्या तोंडून हे येणं म्हणजे चोरखमाऱ्याच्या तलावात नारळ उगवणं.

साक्षीचा दिवस आला. नंदाबाईची साक्ष नंतर, म्हणून तिले बाहेर व्हरांड्यात बसवलं. मी आत, मागच्या बाकावर, देवाचं नाव घेत. भाऊजी पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली, छकडा आपला होता हे छाती काढून सांगतलं. मंग रंजिताबाई उठली. छकडा दिवसभर आंगणात राहे तवा घरी कोण असे? "आमची मंडळी." मागणाऱ्याले धान, पाहुण्याले लुगडं, शेजाऱ्याले बी-बियाणं कोण देते? "तेच देते." मंग तिनं सरळ टाकलं, "तो छकडा तुमच्या पत्नीनंच प्रफुलला दिला, हे बरोबर आहे?"

भाऊजीच्या कानावर हे पहिल्यांदा पडून राहिलं होतं. "कोणी म्हटलं? माझ्या घरात मले इचारल्याशिवाय पान हालत नाही," असं बोलूनच गेले. सरकारी वकील खुश झाले. म्हणाले, ऐकलं ना साहेब, बाईला अधिकारच नव्हता. प्रफुल त भिंतीकडं पाहून राहिला होता.

न्यायाधीश साहेबानं पेन खाली ठेवला. शांतपणानं इचारलं, "काका, घाई करू नका. तुमच्या घरातली वस्तू कोणाला द्यायचा अधिकार तुमच्या पत्नीला आहे की नाही? जे सांगाल ते लिहिलं जाईल."

भाऊजीनं दाराकडं पाहिलं. दार उघडं होतं, पण नंदाबाई दिसत नव्हती, फक्त बाकावरून खाली लोंबणारा तिचा पदर दिसत होता. त्या पदराकडं ते इतका वेळ पाहत राहिले, की शिपाई बी पाहू लागला.

"साहेब," ते म्हणाले, अन् आवाज असा, की मले वाटलं दुसराच कोणी बोलून राहिला, "पटात लोक माझं नाव घेत. पण पहाटे उठून बैलाले सरकीची ढेप तिनं चारली. चाकाले वंगण तिनं लावलं. मी पट जिंकून येवो की हरून, कंदील घेऊन दारात तीच उभी राहे. मी त छकड्यावर फक्त बसलो. तिचा अधिकार नसेल त माझा कुठून आला? लिहा साहेब. हाय. अधिकार हाय."

मी तोंडात पदर कोंबला. दीड वर्ष ज्या माणसाले मी मनातल्या मनात शिव्या देल्या, त्याच्या पाया पडावं वाटलं. बाहेर जाऊन नंदाबाईले सांगतलं, बाई, असं असं म्हणाले भाऊजी. ती म्हणाली, "खरंच?" अन् मी हो म्हटल्यावर बी तिनं पुन्हा सांग म्हटलं. मी पुन्हा सांगतलं. मंग तिचं नाव पुकारलं, तवा तिनं डोळे पुसले अन् आत जाऊन जसं होतं तसं सारं सांगून आली. सरकारी वकिलानं दोन-तीन प्रश्न इचारले, तिनं चार-चार शब्दांत उत्तरं देली.

पुढच्या तारखेले निकाल लागला. निर्दोष. शिपाई ते मोठ्यानं नाही ओरडला, पुकाऱ्यासारखा, याचा मले अजून राग हाय. रंजिताबाईनं निकालाची नक्कल काढून खात्याकडं कशी पाठवायची ते प्रफुलले समजावून सांगतलं.

त्या दिवशी आमी चौघं कोर्टाबाहेरच्या ठेल्यावर पोहे खाऊन राहिलो होतो. साक्षीच्या दिवसापासून भाऊजीच्या मनात काहीतरी सलत होतं. पोह्याची बशी हातातच धरून त्यायनं शेवटी काढलंच. "सारं ठीक हाय. पण एवढे दिवस तुमी मले सांगतलं काउन नाही?"

नंदाबाईनं घास गिळला. "तुमी ठाणेदाराले इचारलं, छकडा कोणी नेला. भोजराजले इचारलं, वकिलीनबाईले इचारलं. गावात एक माणूस नाही सोडला." मंग ती हळूच म्हणाली, "मले कवा इचारलं जी?"

भाऊजीनं आपल्या बशीतले पोहे तिच्या बशीत टाकले, बाकड्यावर सरकून तिच्यासाठी जागा केली, अन् इचारलं, "चाय घेणार काय?"